ग्रीक पुराणातल्या गोष्टी आपल्या मुलांसाठी मराठीत लिहायच्या तर

दिवाळी अंक, शाळेचं हस्तलिखित, वाचनालयातला शनिवारचा गट, कशासाठीही असो, ग्रीक गोष्टी मुलांसाठी मराठीत लिहायच्यात पण सुरुवात कुठून करायची असं बरेच जण विचारतात, शिक्षक विचारतात, आया विचारतात, कॉलेजातली पोरं विचारतात. आपल्याकडच्या मुलांना झ्यूस, मेडुसा, हर्क्युलिस ही नावं गेममधून आणि सिनेमातून कळलेली असतात, गोष्ट मात्र माहीत नसते, फक्त कोण किती पॉवरफुल एवढं माहीत असतं. मी सांगलीत मुलांना गोष्टी सांगते आणि त्यांच्यासाठी लिहिते, तासगाव, विटा, आटपाडीकडच्या शाळांमधेही जाते, त्यामुळे खाली जे आहे ते तिसरी ते सातवीची मुलं डोळ्यासमोर ठेवून आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. प्रत्येक चांगल्या ग्रीक गोष्टीत एक दुखरी जागा असते. लिहायला बसण्याआधी ती शोधायची आणि मग काहीही झालं तरी ती कापायची नाही. वंशावळी कापा, युद्धातली नावं कापा, कोण कुणाचा सावत्र मुलगा ते कापा, चालतं. पण मुलांना वाईट वाटेल म्हणून ती एक जागा गुळगुळीत केली की हातात नुसता सारांश उरतो, आणि सारांश मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात.

आता दुखरी जागा म्हणजे नेमकं काय ते एका गोष्टीवरून बघू, आणि माझ्या मते पहिल्यांदा लिहिणाऱ्याने हीच गोष्ट घ्यावी. बॉसिस आणि फिलेमॉन. ओव्हिड नावाच्या रोमन कवीने ही सांगितलीय, मेटामॉर्फसीस नावाच्या त्याच्या मोठ्या काव्याच्या आठव्या भागात. देवांचा राजा झ्यूस आणि त्याचा दूत हर्मीस साध्या वाटसरूंच्या वेषात फिरतायत, हजार दारं ठोठावतात, सगळी बंद. शेवटी गवताने शाकारलेल्या एका झोपडीत एक म्हातारा-म्हातारी त्यांना आत घेतात. त्या जेवणाचं वर्णन इतकं घरगुती आहे की मुलं एकदम जवळ सरकतात, परसातला कोबी, मुळा, राखेत भाजलेली अंडी, मधाचं पोळं, आणि टेबलाचा एक पाय आखूड म्हणून खाली खापराचा तुकडा सरकवलेला. हे तपशील एकही गाळू नका. घरात एकच हंस आहे, राखणीला पाळलेला, तो पाहुण्यांसाठी कापायचा म्हणून दोघं म्हातारी माणसं त्याच्यामागे धापा टाकत पळतात आणि तो पळून पळून देवांच्याच पायाशी जाऊन बसतो. इथं मुलं हसतात, हसू द्या.

मग देव त्यांना डोंगरावर चला म्हणतात, दोघं काठ्या टेकत चढतात, मागे वळून बघतात तर सगळी वस्ती पाण्याखाली, फक्त त्यांची झोपडी तेवढी वर. बहुतेक जण इथून उडी मारून थेट बक्षिसावर येतात, झोपडीचं देऊळ झालं, वर मागा म्हणाले, दोघांनी एकाच वेळी मरण मागितलं, एक ओकचं झाड झालं आणि एक लिंडेनचं. पण ओव्हिडने मधे एक छोटी गोष्ट ठेवलीय, ती दोघं शेजाऱ्यांसाठी रडतात. ज्यांनी पाहुण्यांना दार उघडलं नाही त्याच शेजाऱ्यांसाठी. ही दुखरी जागा. सांगलीत ही गोष्ट सांगताना मला हे जास्तच जाणवतं, कारण २०१९ च्या ऑगस्टमधे इथं घरं पाण्यात गेली होती, घरोघरी त्याच्या आठवणी आहेत, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर, धोक्याच्या पातळीवर, गेलं म्हणजे काय हे इथल्या पोरांनाही कळतं. अशा मुलांसमोर 'वाईट लोक बुडाले, चांगले वाचले' एवढंच लिहून पुढं जाणं मला मंजूर नाही. त्यात शेजारी होते आणि त्यांच्यासाठी कुणीतरी रडलं, हे आलंच पाहिजे. मी ते असं लिहिते:

"बॉसिसने मागे वळून पाहिलं. जिथं गल्ली होती तिथं पाणी होतं. जिथं विहीर होती तिथं पाणी होतं. ती एकेकाचं नाव घ्यायला लागली, सुताराचं, त्याच्या बायकोचं, त्यांच्या लहान्याचं. फिलेमॉन काहीच बोलला नाही. त्याने तिचा हात धरला आणि तोपण रडायला लागला."

सुतार मी घातलाय, ओव्हिडमधे कुणाची नावं किंवा धंदे नाहीत, पण रडणं त्याचं आहे. असं घालायला हरकत नाही, फक्त आपण काय घातलं ते आपल्याला माहीत पाहिजे. मिडास राजाची गोष्ट घ्या, हात लावला की सोनं, आणि शेवटी त्याची मुलगीच सोन्याची होते. सगळ्यांना हेच माहीत असतं. ओव्हिडमधे मुलगी नाहीच, तिथं मिडासच्या हातात भाकरी कडक होते आणि घशात वाईन सोन्याचा रस होते, तो भुकेने तळमळतो, मग पॅक्टोलस नदीत आंघोळ करून सुटतो. मुलगी सोन्याची होण्याचा प्रसंग हॉथॉर्न नावाच्या अमेरिकन लेखकाने १८५१ मधे मुलांच्या पुस्तकात लिहिला आणि तो इतका चालला की लोक त्यालाच मूळ समजतात. म्हणजे भर घालणं चुकीचं नाही, उलट चांगली भर गोष्टीला दीडशे वर्षं पुढं नेते. फक्त ती दुखऱ्या जागेकडे नेणारी हवी, सजावट म्हणून नको.

आणि हो, पूर आलेला असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टमधे पाणी चढत असताना, ही गोष्ट सांगू नका. दिवाळीनंतर सांगा.

वाचनाचं आता. लिहायच्या आधी त्या गोष्टीची निदान दोन जुनी रूपं वाचा. ग्रीक गोष्टींना एकच एक अधिकृत पोथी नाही, आपल्याकडे रामकथा जशी गावागणिक वेगळी ऐकू येते तसंच तिथंही. हेसिअड हा ग्रीक कवी साधारण इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचा, होमरची काव्यंही त्याच काळाच्या आसपासची, आणि ओव्हिड त्यांच्यानंतर सातेकशे वर्षांनी, म्हणजे मधे मोठा काळ गेला, लोक बदलले, सांगणाऱ्याचा स्वभाव बदलला. यांची जुनी इंग्रजी भाषांतरं कॉपीराइट संपलेली असल्यामुळे नेटवर मोफत वाचता येतात. ग्रीक नावं आणि देवतांची थोडक्यात माहिती मराठीत हवी तर आपल्या वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तो बघा. अलीकडच्या कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकावरून मात्र उतरवून घेऊ नका, एक तर ते त्या लेखकाचं असतं, आणि दुसरं म्हणजे दुखरी जागा त्याने आधीच स्वतःच्या हिशोबाने हलवलेली असते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

वाचताना वहीत पानाचे दोन भाग करा, एकीकडे या रूपात काय, दुसरीकडे त्या रूपात काय. जिथं दोन्हीकडे वेगळं आहे तिथं थांबा. तिथंच काहीतरी महत्त्वाचं असतं.

पर्सेफनीच्या गोष्टीत हे फार चांगलं दिसतं, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. जुनं रूप म्हणजे डिमीटर देवीचं एक स्तोत्र, होमरच्या नावावर सांगितलं जातं. पर्सेफनी मैत्रिणींबरोबर माळावर फुलं तोडतेय, शंभर फुलं लागलेला नार्सिससचा एक तुरा दिसतो, ती हात पुढं करते आणि जमीन फाटते, पाताळाचा राजा हेडीस रथातून वर येतो आणि तिला घेऊन जातो. ती ओरडते. तिचं ओरडणं फक्त हेकेटी देवी आणि सूर्य, दोघांनीच ऐकलेलं. (कासच्या पठारावर सप्टेंबरात जाऊन आलेल्या साताऱ्याच्या मुलांना हा माळ लगेच दिसतो, आणि तिथं फुलं तोडायची नसतात ताई असंही ती सांगतात.) तिची आई, म्हणजे पिकांची देवी डिमीटर, नऊ दिवस हातात मशाली घेऊन शोधते, काही खात नाही, आंघोळ करत नाही. शेवटी सूर्य सांगतो की हे झ्यूसच्या परवानगीने झालंय, म्हणजे मुलीच्या बापाच्याच. आईला विचारलं नाही, मुलीला विचारलं नाही.

इथं बरेच लिहिणारे घाबरतात. लहान मुलांसाठी म्हणून 'हेडीसला ती आवडली आणि त्याने तिच्याशी लग्न केलं' असं काहीतरी लिहून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. तुम्हाला वर्णन करायची गरज नाही, पण खोटंही लिहू नका. मी एवढंच लिहिते: "पर्सेफनीला कुणी विचारलं नव्हतं." तिसरीतल्या मुलाला याचा अर्थ त्याच्यापुरता कळतो, मनाविरुद्ध उचलून नेलं की किती राग येतो ते त्याला माहीत असतं. सातवीतल्या मुलींना त्याहून जास्त कळतं, त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

मग डिमीटर रागावते आणि पीक बंद करते. स्तोत्रात ओळ आहे की बैलांनी नांगर ओढले पण काही उपयोग झाला नाही, पेरलेलं बी तिने जमिनीतच लपवून ठेवलं. आटपाडी, जत, माण, खटाव या भागात हे वाचून दाखवा, वर्गात एकदम शांतता होते, पेरलं आणि उगवलं नाही हे त्यांनी घरात ऐकलंय. तुम्हाला 'दुष्काळ म्हणजे काय' याची टीप द्यावी लागत नाही, उलट मुलंच तुम्हाला टँकरबद्दल, छावणीबद्दल सांगतात. डाळिंबाचं तर विचारूच नका, आटपाडीच्या मुलांना डाळिंब म्हणजे घरचंच पीक. हेडीस तिला परत पाठवताना गुपचूप डाळिंबाचा दाणा खायला घालतो आणि तिथलं खाल्लं म्हणून तिला दरवर्षी परत जावं लागतं. जुन्या स्तोत्रात एक दाणा आहे आणि वर्षाचा तिसरा हिस्सा खाली राहायचं, ओव्हिडमधे सात दाणे आणि अर्धं वर्ष. कुठलंही एक घ्या, दोन्ही मिसळू नका.

एक प्रश्न हमखास येतो, आपल्याकडे तर पावसाळ्यात हिरवं होतं, मग पर्सेफनी आईकडे कधी येते. खूप चांगला प्रश्न आहे आणि त्याला पळवाट काढायची नाही. ग्रीसमधे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा, धान्य शरद ऋतूत पेरतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढतात, आणि स्तोत्रात ती वसंतात फुलं यायला लागतात तेव्हा वर येते. हे दोन वाक्यांत गोष्टीतच घाला. गोष्ट आपल्या जूनमधे ओढून आणायची नाही.

यातूनच पुढचा नियम निघतो, माझ्या दृष्टीने दुखऱ्या जागेनंतरचा सगळ्यात महत्त्वाचा. शब्द मुलाच्या गावचे घ्या, गोष्ट मात्र तिच्या गावातच राहू द्या. हेराक्लीसला (म्हणजे मुलांच्या हर्क्युलिसला, हे त्याचं ग्रीक नाव) कुंडलच्या मैदानात आणू नका, पण त्याची कुस्ती लिहिताना कुंडलच्या मैदानात जी भाषा ऐकू येते ती बिनधास्त वापरा. अँटिअसची गोष्ट घ्या. लिबियात राहणारा राक्षसी ताकदीचा पैलवान, धरणीमातेचा मुलगा, येणाऱ्या-जाणाऱ्याला कुस्ती खेळायला लावायचा, मारायचा आणि हरलेल्यांच्या कवट्या देवळाला लावायचा. हेराक्लीस त्याला आपटतो, पण तो प्रत्येक वेळी जास्त ताकदीने उठतो, कारण जमिनीला अंग लागलं की आई त्याला ताकद देते. आमच्याकडच्या तालमीत जाणाऱ्या पोरांना हे ऐकून अक्षरशः राहवत नाही, चितपट करून उपयोगच नाही मग काय करायचं, वर उचला, पाय सुटू दे, अशा सूचना यायला लागतात, हेराक्लीसला जे सुचलं ते त्यांना आधी सुचतं. म्हणून मी तिथं लिहिताना मुद्दाम थांबते आणि एक ओळ रिकामी सोडते.

"हेराक्लीसने पट काढला, अँटिअस पाठीवर पडला, धूळ उडाली. उठला तेव्हा त्याची छाती आधीपेक्षा रुंद दिसत होती. परत पाडला. परत उठला. तिसऱ्यांदा हेराक्लीसने त्याच्या पायाखालच्या मातीकडे पाहिलं."

या गोष्टीतली दुखरी जागा मला वाटतं मातीतच आहे. आखाड्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून तयार करतात, तिला नमस्कार करूनच आत उतरतात, त्यामुळे मातीने ताकद देणं इथल्या मुलाला वाईट वाटतच नाही. आणि मग तोच अँटिअस हवेत, आईपासून दूर, तिला हात लागत नाही अशा अवस्थेत मरतो. तो दुष्ट होता हे खरं, तरी शेवटच्या परिच्छेदात त्याचे पाय जमीन शोधतायत हे एक वाक्य ठेवा. मुलं गोंधळतात, त्यांना दोघांचंही वाईट वाटतं, तसं वाटू दे. गोष्ट संपल्यावर हवं तर सांगा की ग्रीकांच्या जुन्या ऑलिम्पिकमधे कुस्ती इसवी सनापूर्वी ७०८ पासून होती आणि कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मधे हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं. पण नंतर सांगा, गोष्टीच्या मधे नको.

विट्याच्या बाजूला असाल तर अरॅक्नी घ्या. तिथं घरोघरी माग माहीत, धोटा माहीत, उभा-आडवा धागा माहीत. अरॅक्नी विणण्यात इतकी हुशार की विणकामाची देवी अथीना हिच्याशी पैज लावते, आणि आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की लगेच शेवटी 'गर्वाचं घर खाली' येतं. ओव्हिड नीट वाचा, त्यात स्पष्ट म्हटलंय की अरॅक्नीच्या कामात अथीनालाही दोष काढता आला नाही. देवी हरली असं कुणी म्हणत नाही, पण ती चिडून ते कापड फाडते आणि धोट्यानेच पोरीच्या कपाळावर मारते. म्हणजे पोरगी गर्विष्ठ होती हेही खरं आणि तिचं काम निर्दोष होतं हेही खरं, ही दोन्ही खरी एकाच वेळी मुलांच्या हातात द्यायची. पुढं मूळ गोष्टीत अरॅक्नी गळ्याला फास लावते आणि मग अथीना तिला कोळी करते, तो फास मी प्राथमिकच्या मुलांसाठी पूर्ण गाळते, फाडलेलं कापड आणि तिची मान खाली गेलेली एवढं पुरतं. मोठ्या मुलांसाठीही तिथं फार रेंगाळत नाही.

तात्पर्य हा प्रकारच बंद करा असं मी सगळ्यांना सांगते. पाठ्यपुस्तकांनी आणि बोधकथांनी आपल्याला सवय लावलीय, गोष्ट संपली की एक ओळ शिकवण. शिवाय आपल्या व्रतांच्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' पासून 'सुफळ संपूर्ण' पर्यंत जातात आणि ऐकणाऱ्याला फळ मिळेल असं वचन देतात, मला त्या कहाण्या फार प्रिय आहेत, आजही श्रावणात मी वाचते. पण म्हणूनच ग्रीक गोष्टीची सुरुवात आटपाट नगराने करू नये, कान त्या फळाची वाट बघायला लागतो आणि ही गोष्ट फळ देत नाही. इकॅरसचंच बघा. डेडलस हा कारागीर बाप मुलाला पिसांचे आणि मेणाचे पंख करून देतो, मुलगा त्याचं न ऐकता सूर्याजवळ उडतो, मेण वितळतं आणि तो समुद्रात पडतो. 'मोठ्यांचं ऐकावं' एवढीच ती गोष्ट असती तर तिच्यात बाप इतका कशाला हवा होता. ओव्हिडमधे डेडलस मुलाला पंख बांधताना त्याचे हात थरथरतात, गाल ओले होतात. मुलगा शेजारी बसून उडणारी पिसं पकडतोय, मेणात अंगठा खुपसतोय, बापाच्या कामात खोळंबा करतोय. नंतर पाण्यावर पिसं तरंगताना दिसतात आणि बाप स्वतःच्या कारागिरीला शिव्याशाप देतो. मेणात अंगठा खुपसणारं पोरगं हीच माझ्या मते दुखरी जागा, कारण ते तसं प्रत्येक घरात असतं. हे वाचलेल्या मुलाला तुम्ही शेवटी तात्पर्य म्हणून काय सांगणार?

कीर्तन ऐका, खरंच. आपल्या भागात अजून चांगली कीर्तनं होतात, आणि उत्तररंगातलं आख्यान रंगवताना बुवा कुठं थांबतात, कुठलं वाक्य दोनदा म्हणतात, अवघड नाव कसं पहिल्यांदा सावकाश उच्चारतात हे ऐकण्यासारखं असतं. जुनी कथा नव्या श्रोत्यांसाठी बांधण्याची परंपरा सांगलीला नवीन नाही, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मधे इथंच सीतास्वयंवर रंगभूमीवर आणलं ते रामकथा घेऊनच.

नावांचं थोडक्यात. एका गोष्टीत चारपेक्षा जास्त ग्रीक नावं नकोत, बाकीच्यांना 'राजा', 'धाकटी बहीण', 'नावाडी' म्हणा. लेखन एकच ठरवा आणि पूर्ण अंकभर तेच ठेवा, हेराक्लीस एकदा आणि हर्क्युलिस एकदा असं झालं की मुलांना दोन माणसं वाटतात. ओव्हिड रोमन असल्यामुळे त्याच्याकडे ज्युपिटर, मिनर्व्हा अशी रोमन नावं येतात, ती बदलून ग्रीक करून घ्या. नावांचं मराठीकरण मात्र करू नका, आणि 'झ्यूस म्हणजे त्यांचा इंद्र' हे तुम्ही लिहू नका. मूल स्वतः म्हणालं तर चांगलंच आहे, त्याला विचारा कसा काय, ते बरोब्बर वज्र आणि पाऊस सांगतं, मग फरकही तेच शोधतं. आपण आधीच लिहून टाकलं तर त्याचं शोधणं संपलं. आणि देवांची टिंगल नको. ग्रीक देव भांडतात, रुसतात, फसवतात, त्यामुळे विनोदी लिहायचा मोह होतो, पण हजारो माणसांनी त्यांच्यासमोर खऱ्या मनाने हात जोडले होते, आपल्याला आपल्या देवांबद्दल जेवढं भान असतं तेवढं इथंही ठेवू.

भीतीदायक भागांबद्दल पालक फार विचारतात. माझा अनुभव असा की राक्षस, रक्त, मुलं गिळणारा क्रोनस यांना मुलं घाबरत नाहीत, गिळलेली मुलं परत बाहेर येतात हे कळलं की खूश होतात. त्यांना लागतं ते सोडून जाणं. होमरच्या ओडिसी या काव्यातला राजा ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो आणि त्याला कुणीच ओळखत नाही, फक्त उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा आर्गोस ओळखतो, शेपूट हलवतो, आणि मरतो. ओडिसियसला त्याच्याजवळ जाताही येत नाही, ओळख फुटेल म्हणून तो डोळे पुसून पुढं जातो. हा प्रसंग तिसरीच्या मुलांनाही सांगा, स्वतंत्र गोष्ट म्हणून, अख्खं ओडिसी सांगायच्या भानगडीत न पडता. पण झोपायच्या वेळी नको आणि ज्याच्या घरचा कुत्रा नुकताच गेलाय त्याच्यासमोर आधी त्याला विचारून.

झ्यूसची बायकांना फसवून नेण्याची प्रकरणं प्राथमिकसाठी मी निवडतच नाही, गोष्टी पुष्कळ आहेत. मेडुसा मात्र टाळता येत नाही, मुलं मागतातच. हेसिअडच्या रूपात ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, तिघींतली एकटीच मरण असलेली, तिथून सुरुवात करा, तेवढंच मुळात किती वाईट आहे, दोन बहिणी अमर आणि ही एकटी नाही. ओव्हिडने सांगितलेलं, देवळात तिच्यावर झालेला अत्याचार आणि वर शिक्षाही तिलाच, हे आठवीच्या पुढच्यांसाठी ठेवा आणि तेव्हा स्पष्ट सांगा. आणि तिच्या डोक्यावर केसांच्या जागी साप असतात म्हणून सापांना खलनायक करू नका. बत्तीस शिराळ्याच्या मुलांसमोर तर नकोच, पण कुठंच नको, ग्रीकांकडेही वैद्यकीचा देव अस्क्लेपिअस याच्या काठीला सापच गुंडाळलेला आहे.

लिहून झालं की मोठ्यांदा वाचा, एकट्याने नाही, मुलांसमोर. तिसरी-चौथीसाठी ६०० ते ८०० शब्द, सहावी-सातवीसाठी १,२०० पर्यंत, त्याहून मोठं असेल तर दोन भाग करा आणि पहिला भाग पर्सेफनीच्या गोष्टीत जमीन फाटते तशा जागी तोडा. वाचताना हातात पेन्सिल ठेवा, मुलं चुळबूळ करतील तिथं समासात रेघ. बहुतेक रेघा वर्णनावर किंवा नावांवर येतात, तो भाग काढा. पण दुखऱ्या जागेवर जर चुळबूळ झाली तर ती काढू नका, त्याच्या आधीचं तपासा, आधी ते माणूस मुलांना पुरेसं आवडलेलंच नसतं. बॉसिस कोबी चिरताना दिसली नसेल तर तिच्या रडण्याशी मुलांना काय देणंघेणं. दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि तुम्ही मागे बसून ऐका, लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात अडखळलं की लगेच कळतं.

'हे खरंच झालं होतं का' हा प्रश्न येणारच. मी सांगते की ग्रीक माणसं हे शेकडो वर्षं मानत होती, डिमीटर जिथं म्हातारीच्या वेषात विहिरीजवळ बसली होती त्या एल्युसिसला देवीचं मोठं देवस्थान होतं, लोक लांबून यायचे, आणि त्याचे अवशेष आजही बघता येतात. अंकात गोष्टीखाली छोट्या अक्षरात लिहा की ही कुणाच्या रूपावरून घेतलीय आणि आपण काय घातलंय, 'सुताराचं घर माझ्या मनातलं' असं साधं चालतं, मोठ्या मुलांना हे वाचायला आवडतं आणि मग ती स्वतःची भर घालून आणतात. शेजारी एक हाताने काढलेला नकाशा द्या, अथेन्स, एल्युसिस, क्रीट, इकेरिया बेट एवढी चार नावं पुरे, आणि अंतर मुलांना कळेल असं लिहा, अथेन्सपासून एल्युसिस साधारण २० किलोमीटर, म्हणजे सांगलीहून मिरजेला जाऊन परत येण्याएवढं.